ह्यूईच्या भिंतीवरचा भंडारा

आमचा खंडोबा घोड्यावरून फिरतो हे मला लहानपणापासून ठाऊक. पण तो घोडा समुद्र ओलांडतो का, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. आयर्लंडला आल्यापासून हा विचार माझ्या मनात घर करून बसला होता. मुलगा संतोष आणि सूनबाई मृणाल, दोघंही लेटरकेनीच्या दवाखान्यात डॉक्टर. तीन महिने राहून परत जायचं, अशा बोलीनं मी आणि आमची मालकीण दोन हजार वीस सालची माघी पौर्णिमा गावच्या देवळात करूनच विमानात बसलो. आणि आमच्या मागोमाग तो रोग आला. विमानं बंद झाली. तीन महिन्यांचं वर्ष झालं, पुढची माघी पौर्णिमा आली, आणि मी इथंच. माझ्या हयातीत ही पौर्णिमा मी देवळाबाहेर कधी काढली नव्हती. देव्हाऱ्यात टाक होता, पिशवीत भंडारा होता, हात जोडत होतो. पण खरं सांगतो, समोर कुणी आहे असं वाटत नव्हतं. भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पुढं सगळं आयुष्य गवंडीकामात गेलं. दगड कसा बसवायचा हे मला कुणाला विचारावं लागलं नाही, आणि दुसरं काही विचारायचा माझा स्वभाव नाही. इथं घर गावाबाहेर, चढावर. गाडीशिवाय मिठाचा पुडा मिळत नाही. दिवसभर पोरं दवाखान्यात, घरात आम्ही दोघं म्हातारी आणि लाडू. लाडू म्हणजे पोरांनी पाळलेला लॅब्राडोर कुत्रा. रंगानं बेसनाच्या लाडवासारखा आणि आकारानंही तसाच. तो कागद खातो, मोजे खातो, एकदा साबण खाल्ला. राखण म्हणून शून्य. चोर आला तर त्याला पाणी आणून देईल. मी त्याला कुत्रा मानायलाच तयार नव्हतो.

मी ज्याला कुत्रं म्हणेन ती शेजारची नेल. काळी-पांढरी, अंगानं बारीक, डोळ्यांत पाणी. मेंढरं वळणारी. तिचा मालक ह्यूई माझ्याच वयाचा, एकटा राहणारा. आमच्या परसापासून त्याच्या घरापर्यंत एक दगडी भिंत जाते. ही भिंत पाहूनच माझं डोकं फिरलं होतं. दगडावर दगड नुसते रचलेले, ना चुना ना माती, आणि फटी एवढ्या की पलीकडची मेंढरं दिसावीत. एके दिवशी ह्यूई बाजाराला गेला होता. मी म्हटलं, शेजारधर्म आहे, आपल्या हाताला काम नाही, चार हात भिंत लिंपून देऊ. मी चिखल कालवला आणि फटी बुजवल्या. इतकी झकास लिंपली की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. ह्यूई परत आला आणि लालबुंद होऊन ओरडायला लागला. मीही ओरडलो. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची येत नाही, पण दोघांना सगळं कळलं. संध्याकाळी संतोष म्हणाला, "बाबा, त्या फटी मुद्दाम ठेवतात. इथला वारा अडवला की भिंत पाडतो. त्याला जायला वाट लागते." मी म्हटलं, "बघू." पुढच्या वादळात बरोबर मी लिंपलेला तेवढाच तुकडा आडवा झाला. ह्यूईनं तो माझ्याकडं पाठ करून पुन्हा रचला. इथं गाडीत जाता-येता लोक स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतात. ह्यूईचं ते बोट त्या दिवसापासून बंद. मीही शपथ घेतली, मेलो तरी त्याच्या दाराशी जाणार नाही.

पण नेलला भांडणाशी काय देणं-घेणं? दुपारी आम्ही जेवायला बसायच्या आधी ती भिंतीवरून उडी मारून मागच्या दाराशी येऊन बसायची. भाकरीचा तुकडा दिला की घ्यायची आणि लगेच परत. हावरेपणा नाही. कुत्रं म्हणजे मल्हारीच्या सोबतचं जनावर. आमच्या घराण्यात देवाला नैवेद्य दाखवला की आधी कुत्र्याचा घास आणि मग घरच्यांची पानं. माझ्या आज्याच्या आधीपासून चालत आलेलं आहे. कुत्रं जेवलं म्हणजे देव जेवला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की या माघीला लाडू आणि नेल, दोघांचे दोन रोडगे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आभाळ असं काही उतरलं की डोंगर दिसेना. थंडी संपत आली होती, परसात पिवळी फुलं उमलली होती, सगळे म्हणत होते आता काही बर्फ पडत नाही. पोरांना कुणकुण लागली असावी. रस्ता बंद झाला तर कामावर कसं पोचायचं म्हणून दोघंही संध्याकाळीच दवाखान्याच्या बाजूला मुक्कामाला गेली. सकाळी मी दार उघडलं आणि दारात पांढरी भिंत. कमरेएवढा बर्फ. वर अजून पडतोच आहे, कापूस पिंजल्यासारखा. वीज गेलेली. मालकीण म्हणाली, "ह्ये काय, जग पुसून टाकलं का काय?" मी भिणारा माणूस नाही, पण त्या पांढऱ्याकडं बघून मी दार लावून घेतलं.

मग मात्र आम्हाला गंमत वाटायला लागली. घरात लोखंडी शेगडी होती आणि टर्फही भरपूर होतं. इथं माळावरची माती विटेसारखी कापून वाळवतात आणि लाकडासारखी जाळतात, तिला टर्फ म्हणतात. विजेची चूल बंद पडल्यामुळं मालकिणीनं निखाऱ्यावर वांगी भाजली. वर्षभरात पहिल्यांदा घरात खरा वास आला. बाजरीचं शेवटचं पीठ संतोषनं ब्लँचर्डस्टाउनच्या भारतीय दुकानातून आणलेलं होतं, त्याचे रोडगे थापले. कुत्र्यांच्या वाटणीचं भरीत मात्र वेगळं. कांदा-लसूण कुत्र्याला विष असतं, असं सूनबाईनं बजावून ठेवलेलं होतं. आमच्या गावची कुत्री पिढ्यान् पिढ्या कांदा खाऊन भुंकत आली, असं मी म्हणालो होतो. पण मालकीण सुनेच्या बाजूनं. लाडू शेगडीसमोर चारी पाय वर करून पडला होता. मी त्याला शू करायला दारात ढकललं तर एक पाय बर्फात घातला, माझ्याकडं असं बघितलं की जणू हे सगळं मीच टाकलंय, आणि आत येऊन पायपुसण्यावर मोकळा झाला. मालकीण हसून हसून भिंतीला टेकली.

नैवेद्य दाखवला. लाडूचा रोडगा त्यानं चावायचे कष्ट न घेता गिळला. दुसरा रोडगा ताटलीत ठेवून मी मागच्या दाराशी उभा राहिलो. नेल आली नाही. हाक मारली, शीळ घातली. बर्फात आवाज बुडतो, लांब जात नाही. रोडगा गार झाला. बर्फ थांबला, पण नेलचा पत्ता नाही.

मालकीण म्हणाली, "आवं, एकानं खाल्लं न्हवं? देवाला कळतंय समदं. बसा आता जेवायला."

"पंगतीतलं एक जण आलं नसताना तू वाढशील?"

"कुत्रं हाय ते, जावाई न्हाई!"

"जावई तरी बोलावल्यावर वेळेवर येतो का? ही रोज न बोलावता येते. आज का नाही आली?"

"बर्फ किती हाय बगा की! अन् आता तुमी त्या भांडकुदळाच्या दारात जाणार व्हय? मेलो तरी जाणार न्हाई म्हणला हुता."

"मी त्याच्याकडं जात नाही. कुत्रीकडं जातोय."

तिनं कपाळावर हात मारला. पण घोंगडी तिनंच माझ्या अंगावर टाकली आणि भंडाऱ्याची पिशवी कमरेला तिनंच बांधली. मोबाईल घ्या म्हणाली. मी कधीच घेत नाही. त्या दिवशीही घेतला नाही.

बाहेर वाट नव्हतीच. वर-खाली सगळं एकाच रंगाचं. तेवढी ती भिंत बर्फातून डोकं काढून उभी होती. मी डावा हात तिच्यावर ठेवला आणि निघालो. हातमोजे घातले नाहीत, मोजे घातले की दगड कळत नाही. आमच्या देवाचा डोंगर चढताना प्रत्येक पायरीला भंडारा लावायची माझी रीत आहे. इथं पायऱ्या कुठल्या? पण थोडं चाललं की दम लागायचा. थांबलो की हात आपोआप पिशवीत जायचा आणि दगडावर भंडारा लागायचा. "येळकोट" म्हणायचं आणि पुढचं पाऊल. माझ्या ओल्या हाताचा पिवळा पंजा दगडावर उमटत गेला. मी मागं वळून बघितलं नाही. रीत म्हणून करत होतो, बाकी मनात काही नव्हतं. मनात होतं ते एवढंच, की कुत्री सापडावी, ह्यूई घरात असावा आणि त्यानं मला बघू नये.

ह्यूईच्या घराला लागून त्याच्या जळणाची खोप आहे. तिथून नेलचा आवाज आला. भुंकणं नाही, बारीक कण्हणं. दार अर्धं उघडं. आत ह्यूई जमिनीवर पडलेला, टर्फची बादली उपडी, आणि नेल त्याच्या छातीवर आडवी झालेली. अंगावरचं पांघरूण व्हावं तशी. मला बघून तिनं शेपटी हलवली, पण उठली नाही. ह्यूईचा एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. ओठ निळे. मी खाली वाकलो तर डोळे उघडून म्हणतो, "ग्रँड, ग्रँड." या लोकांना हा एक शब्द सगळीकडं पुरतो. पाय मोडलाय, जीव जायची वेळ आलीय, आणि म्हणे झकास.

मी त्याला उचलायला गेलो. ज्या हातांनी मी देवळाचे चिरे उचलले, त्या हातांनी तो वाळलेला म्हातारा मला उचलता आला नाही. तो किंचाळला आणि माझाच पाय घसरला. मी दारात येऊन ओरडलो. मालकीण एवढ्या लांब, दार लावून बसलेली, ऐकणार कोण? माघारी जाऊन तिला फोन करायला सांगावं म्हणून उठलो तर ह्यूईनं माझं मनगट धरलं. बोटं दगडासारखी गार, पण पकड सुटेना. त्याचे डोळे मिटायला लागले होते. एकटा सोडला तर झोपेल, आणि त्या थंडीत झोपला तर उठायचा नाही, एवढं मला डॉक्टर न होताही कळत होतं. जावं तरी मरतो, थांबावं तरी मरतो.

तेव्हा मी खाली बसलो. दोन मीटर लांब राहायचा सरकारी नियम तिथंच मोडला. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, घोंगडी आम्हा दोघांवर आणि नेलवर ओढली. आणि मी म्हणालो, "मल्हारी, माझ्यानं होत नाही." हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. बायकोपुढं नाही, मालकापुढं नाही, देवापुढंसुद्धा नाही. देवाला मी नवस बोललो, फेडले, हिशेब चोख ठेवला, पण माझ्यानं होत नाही असं म्हणालो नव्हतो. म्हटल्यावर काय झालं ते सांगता येत नाही. खोपीत काही उजेड पडला नाही. फक्त माझी छाती, जी वर्षभर आवळलेली होती, ती सैल झाली. मला वाटलं, आता जे व्हायचं ते होईल, आणि आपण एकटे नाही.

मग मी त्याला जागं ठेवायला बोलत राहिलो. मराठीतच. म्हाळसेची गोष्ट सांगितली, बाणाईची सांगितली, दोघींचं भांडणही रंगवून सांगितलं. तो मधेच त्याच्या भाषेत काही सांगायचा. एकदा घोंगडीची कड चिमटीत धरून म्हणाला, "गुड वूल." मेंढरं पाळणारा माणूस, मरतानाही लोकर पारखणार. मी म्हटलं, "आमच्याकडच्या मेंढीची आहे, असली तुमच्याकडं नाही." तो म्हणाला, "ग्रँड." किती वेळ असा गेला माहीत नाही.

नेलनं कान टवकारले. मग मलाही ऐकू आली ती ट्रॅक्टरची घरघर. भिंतीच्या कडेनं जवळ येत, थांबत, पुन्हा जवळ येत. खोपीच्या दारात एक बाई उभी राहिली. दणकट, गमबूट घातलेली, डोक्यावर लोकरीची टोपी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मी हात पुढं केला आणि संतोष दरवेळी मला शिकवायचा आणि मी दरवेळी टाळायचो तो शब्द म्हणालो, "प्लीज." तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. खिशातून फोन काढला. मग ट्रॅक्टरच्या फावड्यानं बर्फ ढकलत खाली मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि दवाखान्याची गाडी आपल्यामागून वर घेऊन आली. ह्यूईला उचलताना मी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. सगळ्या कपाळाला, चांगला मळवट भरल्यासारखा. त्यानं डोळे मिटून लावून घेतला.

ही बाई मला घरी सोडायला आली, तेव्हा आमच्या मालकिणीच्या फोनवरून संतोषशी बोलली. ती डोंगरापलीकडची. तिच्या मेंढरांना वैरण टाकायला निघाली होती. रस्त्याच्या पाट्या बर्फात गाडलेल्या, त्यामुळं चुकून ह्यूईच्या गल्लीत वळली. वळल्यावर कळलं की चुकली, पण मागं घ्यायला जागा नाही. तेवढ्यात तिला गल्लीच्या कडेच्या भिंतीवर पिवळे पंजे दिसले, ताजे, एकामागून एक. तिला वाटलं कुणीतरी वाट दाखवायला रंग मारून ठेवलाय. म्हणून ती त्या खुणा धरत आली. संतोषनं मला हे मराठीत सांगितलं तेव्हा मालकिणीनं माझ्याकडं पाहिलं आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन डोकं टेकलं. त्या बाईला आम्ही चहा दिला, गरम रोडगा दिला. तिनं तो भरिताबरोबर खाल्ला आणि बोटं चाटली. कांद्याच्या भरिताबरोबर, हे सूनबाईच्या माहितीसाठी लिहितो.

नेल गाडीमागं थोडं पळाली आणि मग माझ्याबरोबर घरी आली. तिनं आपला रोडगा खाल्ला, सावकाश, मान खाली घालून. मग मी जेवलो. इतकं गोड जेवण मला आठवत नाही.

पान उचलतोय तोच सूनबाईचा फोन. ती हसत होती की रडत होती कळेना. ह्यूईला त्यांच्याच विभागात आणलं होतं. तिथल्या नर्सबाईनं त्याचा चेहरा बघितला आणि घाबरून म्हणाली, डॉक्टर, या पेशंटला भयंकर कावीळ आहे. मृणालनं जाऊन त्याच्या कपाळावर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "ही कावीळ नाही. हा माझा सासरा आहे."

त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत आणि ह्यूई घरी येईपर्यंत नेल आमच्याकडंच राहिली. लाडूला तिनं दोन दिवसांत वळण लावलं. मेंढरू समजून त्याला खोलीच्या कोपऱ्यात नेऊन बसवायची आणि तो बिचारा बसायचा. वीज येईपर्यंत आम्ही चौघं शेगडीसमोरच झोपलो. त्या पांढऱ्या शांततेत कुत्र्यांचे श्वास ऐकत पडलं की मला आमच्या देवळाची ओसरी आठवायची, आणि आता ती लांब वाटत नव्हती.

ह्यूईच्या खुब्याचं हाड जोडलं. अजून थोडा वेळ कुणाच्या लक्षात आलं नसतं तर हाडाचा प्रश्नच उरला नसता, असं दवाखान्यात म्हणाले. लोक मला विचारतात, हा चमत्कार म्हणायचा का? मला माहीत नाही. कुत्री आली नाही म्हणून मी गेलो. बाई वाट चुकली म्हणून आली. यात देव कुठं होता ते मी बोट ठेवून दाखवू शकत नाही, आणि तो नव्हता असं मला कुणी पटवूही शकणार नाही. मी वर्षभर म्हणत होतो, मल्हारी इथं येईल का? आता वाटतं, तो आलेलाच होता. मीच दारात उभा राहून त्याला वाट सांगत होतो.

संतोष घरी आला तेव्हा मला जवळ घेऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याचा जीव वाचवलात. तिथं नेमकं काय केलंत?" छाती फुगवून सांगायची ही वेळ होती, आणि एरवी मी सांगितलंही असतं. पण खोटं कसं बोलू? आयुष्यभर मी हातांनी काहीतरी करत आलो आणि मी केलं म्हणून मिरवत आलो. त्या दिवशी तेवढं मिरवणं होईना. म्हणून मी म्हणालो, "काही केलं नाही रे. त्याच्याजवळ बसलो."